परातीतली खाडी

वन्सं,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे जेवून संध्याकाळच्या गाड्यांनी गेले आणि हे दोन खोल्यांचं घर एकाएकी केवढंतरी मोठं झालं. गोडाला लापशी केली होती, तुम्हाला आवडायची म्हणून. पंगतीत कुणीतरी "गूळ जरा कमी पडलाय" म्हणालं. तुम्ही असतात तर वाढता वाढता "मग पुढच्या वेळी घरून घेऊन या हो" म्हणाला असतात. असली उत्तरं तुमच्या खात्यातली.

आज सकाळी तांदूळ निवडायला बसले. सवयीनं परात मधोमध ठेवली, पलीकडे तुमच्यासाठी जागा सोडून. मग ध्यानात आलं. डोळ्यांतलं पाणी थेट तांदळात पडलं आणि खरं सांगते, तुमचा आवाज कानात आला, "अगं इंदू, मीठ शिजताना घालायचं असतं."

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा माहेरच्या झाडून सगळ्या बायकांनी मला बजावलं होतं. घरात थोरली नणंद आहे, लहानपणीच विधवा झालेली, भावाकडेच राहते, जपून राहा हो. मी इतकी जपून राहिले की पहिला महिनाभर तुमच्या चेहऱ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. स्वातंत्र्य नुकतं मिळालं होतं आणि रेशनच्या तांदळात तांदूळ शोधावे लागत होते. आपण दोघी समोरासमोर बसून खडे वेचत होतो. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "इंदू, तुला चालता येतं का गं?"

"म्हणजे?" मी घाबरूनच म्हटलं. वाटलं, माझ्या चालण्यात काही खोड काढताय.

"म्हणजे लांब. अर्नाळ्याच्या समुद्रापर्यंत."

आणि तुम्ही परातीतल्या तांदळात बोटानं एक वाकडीतिकडी रेघ ओढलीत. ही आपली खाडी. हा बारका खडा दिवा, हा काळा मुंब्रा, हे कळवा, आणि हे भलंमोठं ढेकूळ ठाणं. परातीच्या पलीकडच्या काठाशी, जिथे तांदूळ संपून पितळ दिसत होतं, तो समुद्र. तिथंच आगाशीजवळ तुमचं माहेर, म्हणजे माझं सासर, जे मी कधी बघितलेलं नाही. सासूसासरे गेल्यावर जागा चुलत्यांकडे गेली आणि तुम्ही भावंडं इकडे आलात, एवढंच मला माहीत होतं.

तेव्हापासून किती वर्षं आपण ती खाडी काढली, वन्सं. लोक मनात मांडे खातात, आपण परातीत वाट चाललो. रोज नवी रेघ, रोज नवे खडे. मग गावं अंगणात भिरकावून द्यायची आणि खाडी धुऊन चुलीवर चढवायची. तांदूळ सुधारले, खडे कमी झाले, तर तुम्ही कुरकुरायला लागलात की आता कामण आणि जूचंद्र ही गावं कशानं दाखवायची. शेवटी आपण दोन तुरीचे दाणे मुद्दाम ठेवले होते. ते अजून फडताळात आहेत.

आपलं घोडं अडायचं ते ठाण्याच्या पुढे. मी म्हणायची, सरळ घोडबंदरच्या रस्त्यानं जावं, तिथून होडीनं पलीकडे उतरलं की वसई. जवळ पडतं, सावलीही आहे. तुम्ही मान हलवायचात. ठाण्याहून भिवंडीच्या रस्त्याला लागायचं, पुलावरून पलीकडे जायचं आणि काल्हेर, खारबाव, कामण करत, खाजणांच्या कडेनं, शेतांच्या बांधांवरून वसई गाठायची.

"वन्सं, उगाच एक मुक्काम वाढतो."

"वाढू दे. होडीत मी पाय ठेवायची नाही. पायी म्हणजे पायी."

"खारबावला कोण आहे आपलं? उतरायचं कुठं?"

"देऊळ असेल की. नाहीतर कुणाची ओटी. दोन बायका दशम्या खात बसल्या तर कोण उठवतंय?"

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राआडून हे, म्हणजे तुमचे धाकटे बंधू, आपली टिंगल करायचे. "आक्का, दादरला गाडी बदल, विरारला उतर, पुढे टांगा. दुपारच्या जेवणाला आगाशी. कशाला एवढी पायपीट?" तुम्ही म्हणायचात, "गाडीनं काय, कुणीही जाईल." एकदा यांची स्वारी जरा जास्तच रंगात आली होती. म्हणाले, "कल्याणच्या छावणीत जाऊन बघा. माणसं नाइलाजानं मुलूख सोडून आलीत बिचारी. आणि तुम्हाला हौसेनं वणवण करायचीय." तुम्ही परातीतून वर न बघता म्हणालात, "मी तरी हौसेनं कुठं आले होते रे, बापू?" यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि बाहेर निघून गेले. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. कळलं ते रंगीत तालमीच्या दिवशी.

ती रंगीत तालीम! आठवलं की आजही हसू येतं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी येऊ नये तरी येतं. निदान दिव्यापर्यंत तरी खाडीच्या कडेनं जाऊन यावं, पाय कुठवर साथ देतात बघावं, असं ठरलं. दिवस तुम्ही काढलात. अर्नाळ्याची शेंबडी पोरंसुद्धा हा हिशेब करतात म्हणालात: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. द्वादशी धरली. बाराची पाऊणपट नऊ. नऊला पाणी भरलं की त्यानंतर ओहोटीच. हे आठच्या गाडीनं कचेरीला गेले, लेकाला शेजारी ठेवला, आणि आपण साडेनऊला लुगड्याचे ओचे खोचून निघालो. आदल्या दिवशीची तुमची एकादशी होती, तरी काय तो तुमचा झपाटा. मी मागून "वन्सं, हळू" म्हणत पळत होते.

बांधाच्या बाहेरच्या अंगानं, तिवरांच्या कडेकडेनं पायवाट होती. चिखलात निवटे मासे टणाटण उड्या मारत होते, बगळे एक पाय वर करून आपल्याला न्याहाळत होते. बऱ्याच वेळानं तुम्ही थांबलात.

"इंदू, पाणी उतरतंय ना गं?"

"तुम्हीच सांगा. हिशेब तुमचा."

"उतरायला हवं," तुम्ही म्हणालात.

पाण्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. ते आपलं गुपचूप आपल्याकडे येत होतं. घोट्याला लागलं, मग पोटरीला. बांधावरून टोपली घेऊन चाललेली एक आगरीण ओरडली, "ओ बाय, पानी चरतंय! वर या गो!" आणि पदर तोंडाला लावून हसत पुढे निघून गेली. आपण धडपडत उघाडीपाशी पोचलो. शेतातलं पाणी खाडीत सोडायचं ते बांधातलं लाकडी दार, त्याच्या वरच्या दगडी कठड्यावर दोघी चढून बसलो. पुढे पाणी, मागे शेतात गुडघाभर गाळ. खाडी उतरेपर्यंत तिथंच मुक्काम.

तुम्ही शांतपणे भाकऱ्यांचं फडकं सोडलंत. "द्वादशी आहे, पारणं चुकवून चालत नाही," म्हणत निम्म्याहून जास्त भाकऱ्या खाल्ल्यात. भाकरी चावता चावता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अर्नाळ्याला समुद्र दारातच. तिथली भरती एवढी वळणं घेत आपल्या डोंबिवलीपर्यंत यायची म्हणजे तिला वेळ लागणारच. मी म्हटलं, "वन्सं, पाऊणपटीवर इथे दीडएक तास धरायला हवा."

"पंचांग चुकत नाही."

"मग हे पाणी कसं चढलं?"

"खाडी उशिरा आली. त्यात पंचांगाचा काय दोष?"

हसून हसून मी कठड्यावरून पडायची बाकी राहिले. तुम्हीही हसलात, पण हिशेबात एक मिनिटही वाढवून द्यायला तयार झाला नाहीत. पुढे कितीदा आपण त्यावर भांडलो.

हसणं ओसरल्यावर तुम्ही पाण्याकडे बघत बोलायला लागलात. आगाशी सोडली तो दिवस. वसईच्या बंदरातून मचवा केला होता, घरातलं सामान त्यात भरलेलं. वर चार परके खलाशी. तुम्हाला खाली सामानात बसवलं, वरून शिडाचं जुनं कापड ओढलं. हंडे, कळशा, पाटा-वरवंटा आणि तुम्ही. फटीतून कधी उजेड यायचा, कधी काठावरच्या बाया बोललेल्या ऐकू यायच्या, कुठेतरी लग्नाचा ताशा वाजत होता. कुठलं गाव ते कळायचं नाही. "अख्खी वाट माझ्या दोन्ही हातांना होती इंदू, आणि मी भांड्यांत बसले होते. डोकं बाहेर काढलं तेव्हा डोंबिवली."

कुणी बसवलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. पण होडी का नको, खाडी सोडून गाडीनं का नको, ते मला त्या कठड्यावर समजलं. त्या दिवसापासून घोडबंदरचा मुद्दा मी नुसता भांडायला काढत होते. तुम्हाला ते ठाऊक असणारच.

चिखलानं माखलेल्या आपण दोघी घरी पोचलो तो हे दारात उभे. "आल्या का म्हशी डुंबून?" म्हणाले. तुम्ही त्यांच्या सदऱ्याला हात पुसलात.

मग दर हिवाळ्यात आपण निघायला झालो. तुमचं पालुपद ठरलेलं, "संक्रांत झाली की." एका संक्रांतीला माझं दुसरं बाळंतपण. एकदा मुलांना गोवर. एकदा तुमचा गुडघा धरला, तर तुम्ही त्याला निरगुडीनं शेकताना अशा काही शिव्या दिल्यात की मुलं खिदळायला लागली. पण निराश कधी झाला नाहीत. नागपंचमीच्या, दिवाळीच्या आधी आळीतल्या बायकांना न्यायला त्यांचे भाऊ यायचे, तेवढे दोन दिवस मात्र तुम्ही गप्प असायचात. एकदाच म्हणालात, "मला मुराळी कोण येणार गं? भावाच्याच घरात राहते मी." आणि लगेच, "चल, तांदूळ घे." मी परात घेऊन आले. त्या दिवशी तुम्ही खाडी फार सावकाश काढलीत.

या खेपेला सगळं जुळून आलं होतं. मुलं माझ्या आईकडे राहायला कबूल झाली होती, गुडघा बरा होता, तिळाचे लाडू जास्तीचे करायचे ठरले होते. आणि पौषाच्या थंडीत तुम्हाला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ आहे. शेवटल्या सकाळी मी पेज भरवत होते. तुम्ही विचारलंत, "आज तिथी कुठली?"

"नवमी."

ओठ हलले. हिशेब चालला होता. "पावणेसात."

"आणि वर दीड तास," मी म्हटलं.

तुम्ही डोळे मिटूनच हसलात. "पंचांग चुकत नाही." दुपारी तुम्ही गेलात. आपलं शेवटचं बोलणं म्हणजे तेच जुनं भांडण, आणि ते मी जिंकेपर्यंत तुम्ही थांबलाही नाहीत.

खरं दुःख त्याच्या पुढचं आहे, वन्सं. ते तुम्हाला सांगायलाच बसलेय. अस्थी नाशिकला न्यायचं ठरलं. चुलते म्हणाले, भटजी म्हणाले, सगळ्यांचं तिथंच होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून यांना खूण करून आत बोलावलं. म्हटलं, "अहो, गोदावरी पूर्वेला जाते. त्यांचा समुद्र पश्चिमेला. आयुष्यभर ज्या बाजूला तोंड करून बसल्या, त्याच्या बरोबर उलट पाठवताय त्यांना." हे एवढंच म्हणाले, "रीत आहे," आणि निघाले. कल्याणहून गाडी सुटली असेल त्या वेळी मी चुलीपुढे बसून होते. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता. हे नाशिकहून परत आल्यावर मी यांच्याशी कामापुरतंच बोलले. दहावं, बारावं, तेरावं, सगळं मुकाट्यानं केलं. मनात सारखं एकच, तुम्हाला पुन्हा एकदा झाकून नेलं, आणि तेही भलत्याच समुद्राला.

तर आज सकाळी. मी परातीपुढे बसलेली, रेघ ओढायला बोट धजत नव्हतं. आज रविवार, त्यामुळे हे घरी. आले आणि तुमच्या जागेवर मांडी घालून बसले. हा माणूस कधी तांदळाला हात लावणारा नव्हे. यांनी तांदूळ सारखे केले आणि बोटानं खाडी काढायला सुरुवात केली. दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणं. बोट पुढे गेलं, वळलं, आणि परत वळलं.

"कोलशेतच्या पुढे दोन वळणं आहेत," हे म्हणाले. "तुमच्या नकाशात एकच असायचं."

मी मान वर केली. "तुम्हाला काय माहीत?"

"मी नाळेवर बसलो होतो ना. मचव्याच्या पुढच्या टोकाला. सगळं बघत आलो." बोट तांदळात तसंच रुतलेलं. "आक्का वर येऊन बसत होती. मीच म्हटलं, खाली जा, लोक बघतात. एकवीस-बावीस वर्षांचं पोर मी. ती काही बोलली नाही. गेली खाली."

इतकी वर्षं वर्तमानपत्राआडून ऐकत होते हे, वन्सं. प्रत्येक गाव, प्रत्येक खडा. चुकलेलं वळणसुद्धा ठाऊक होतं, आणि सांगायची छाती होत नव्हती. मला राग आठवून पाहिला तरी येईना.

मग म्हणाले, "अस्थी सगळ्या नाही नेल्या नाशिकला. थोड्या मागे ठेवल्यात. परसातल्या शेवग्याला मडकं बांधलंय. तेरावं होईपर्यंत बोललो नाही, घरात काका होते."

मी उठून मागच्या दाराशी गेले. शेवग्याच्या उंच फांदीला लहानसं मडकं, तोंडाला फडकं. एवढे दिवस मी त्याच्याखालून घागरी घेऊन जात होते. वाटलं असेल तुम्हाला, ही इंदू आंधळी झाली की काय.

"रजा मिळेल?" मी आत येऊन विचारलं.

"मागितलीय."

"साहेबांना काय सांगितलंत?"

यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. "सांगितलं, बहिणीचा मुराळी होऊन जातोय. तिला माहेरी न्यायचंय."

मग आम्ही दोघंही रडलो, वन्सं. मोठ्यानं रडलो. धाकटी उठून आली आणि तिनं विचारलं, तांदूळ सांडले का.

येत्या द्वादशीला निघतोय. फडताळातले दोन तुरीचे दाणे बरोबर घेतेय, कामण आणि जूचंद्र आलं की तिथं टाकीन. ठाण्याहून भिवंडीच्या रस्त्यानंच जाणार, पुलावरून, खारबावच्या देवळात मुक्काम करून. होडीत पाय ठेवणार नाही, यांनी घोडबंदरचं नाव काढलं तरी. ते भांडण तुम्ही जिंकलंत. भरतीचं मात्र माझंच चालणार, पाऊणपट आणि वर दीड तास. "ते तू बघ, मला त्यातलं कळत नाही," असं यांनी आताच सांगून टाकलंय. जसजसे समुद्राकडे जाऊ तसतसा तो दीड तास कमी करत आणीन. अर्नाळ्याच्या वाळूत उभी राहीन तेव्हा नुसती पाऊणपट उरेल, आणि तिथं तुमचं पंचांग चुकणार नाही, एवढं मी कबूल करते.

आणि एक. मडकं मी माझ्या हातात घेणार आहे. भटजी काहीही म्हणोत, डोंबिवलीची वेस ओलांडली की त्याच्या तोंडावरचं फडकं सोडणार आहे. दिवा येईल, मुंब्रा येईल, कोलशेतची ती दोन वळणं लांबून पाण्यात दिसतील. या खेपेला सगळं बघत चला, वन्सं.

तुमची,
इंदू